सहा गाण्यांचा अल्बम आणि दोन तासांची मैफल: ‘लाइव्ह ॲट लीड्स’च्या विस्तारित आवृत्त्या

‘द हू’ या इंग्लिश रॉक बँडचा ‘लाइव्ह ॲट लीड्स’ हा अल्बम मे १९७० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सहा गाणी होती आणि तो चाळीस मिनिटांच्या आत संपत होता. आज त्याच नावाखाली दोन सीडींवर तीसहून अधिक ट्रॅक मिळतात, चार सीडींचा मोठा संच मिळतो आणि डाउनलोड करण्याजोगी संपूर्ण मैफलही मिळते. नव्याने ऐकू इच्छिणाऱ्याला यामुळे प्रश्न पडतो, की यातला ‘खरा’ अल्बम कोणता. आणि जुनी रेकॉर्ड जपून ठेवलेल्या माणसाला दुसराच प्रश्न पडतो, की पन्नास वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळीतून दर काही वर्षांनी नवे संगीत निघते तरी कोठून. विस्तारित आवृत्तीत जुन्या अल्बमला केवळ शेपूट जोडलेले असते असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. प्रत्येक आवृत्तीत मूळ टेपकडे परत जाऊन नवे निर्णय घेतलेले असतात, आणि ते निर्णय समजले की एकाच कार्यक्रमाचे वेगवेगळे अल्बम कसे होतात हेही समजते.

तो कार्यक्रम १४ फेब्रुवारी १९७० रोजी, शनिवारी, लीड्स विद्यापीठाच्या रिफेक्टरीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात झाला. गायक रॉजर डॉल्ट्री, गिटारवर पीट टाउनशेंड, बेस गिटारवर जॉन एन्टविसल आणि ड्रम्सवर कीथ मून असे चौघेच मंचावर होते. कीबोर्ड नाही, दुसरा गिटारवादक नाही, पूर्वमुद्रित साथ नाही. मे १९६९ मध्ये त्यांचा ‘टॉमी’ हा दुहेरी अल्बम, ज्याला रॉक ऑपेरा, म्हणजे गाण्यांतून सांगितलेली सलग कथा, म्हटले जाते, प्रसिद्ध झाला होता. त्याने बँडला मोठे नाव मिळवून दिले होते आणि त्या काळातल्या कार्यक्रमांत हे चौघे तो जवळजवळ पूर्ण सादर करत असत. लाइव्ह अल्बम काढायचा विचार आधीपासून होता आणि त्यासाठी १९६९ च्या अमेरिकी दौऱ्यातले अनेक कार्यक्रम टेप केलेलेही होते. मात्र टाउनशेंड यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, इतक्या टेप ऐकून त्यांतून निवड करणे त्यांना अशक्य वाटले, आणि त्यांनी ध्वनीची व्यवस्था पाहणारे बॉब प्रिडन यांना त्या जाळून टाकायला सांगितले. त्याऐवजी केवळ मुद्रणासाठी म्हणून दोन कार्यक्रम ठरवण्यात आले: एक लीड्सला आणि दुसऱ्याच दिवशी हल शहराच्या सिटी हॉलमध्ये. पुढच्या सगळ्या आवृत्त्या या दोन रात्रींच्या टेपमधूनच निघाल्या आहेत, आणि अमेरिकी टेपांचे जे झाले ते पाहता या दोन रात्रींच्या टेप शिल्लक राहिल्या याचे मोल फार मोठे आहे.

या टेप आठ ट्रॅकच्या होत्या. टेपच्या रुंदीवर आठ स्वतंत्र समांतर पट्ट्या असतात आणि त्यांवर वेगवेगळ्या मायक्रोफोनमधून आलेला आवाज वेगवेगळा नोंदवला जातो. गिटार एका पट्टीवर असेल तर ती पुढे केव्हाही, इतर वाद्यांना धक्का न लावता, मोठी किंवा लहान करता येते. या पट्ट्यांचे परस्परांतले प्रमाण ठरवून डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांत त्या एकत्र आणणे म्हणजे मिक्सिंग. त्या तयार मिश्रणाला रेकॉर्डच्या, सीडीच्या किंवा डिजिटल फाइलच्या गरजेनुसार शेवटचे रूप देणे म्हणजे मास्टरिंग. ‘रीमास्टर्ड’ असे लिहिलेल्या आवृत्तीत सहसा जुने मिश्रण तसेच ठेवून फक्त ही शेवटची पायरी नव्याने केलेली असते, तर ‘रीमिक्स्ड’ आवृत्तीत आठ पट्ट्यांपर्यंत मागे जाऊन प्रमाणे पुन्हा ठरवलेली असतात. दुसरा बदल पहिल्यापेक्षा कितीतरी खोल जातो. विक्रीच्या जाहिरातींत हा भेद अनेकदा पुसट केला जातो, म्हणून ऐकणाऱ्याने तो स्वतः लक्षात ठेवलेला बरा.

लीड्सच्या टेपमध्ये दोष होते. तिच्यावर मधूनमधून कडकड असा आवाज उमटला होता, आणि टाउनशेंड व एन्टविसल यांचे साथीचे गायन नीट नोंदले गेले नव्हते. साथीच्या गायनावर उपाय करण्यात आला: दोघांनी लंडनच्या पाय स्टुडिओत जाऊन, टेप लावून, आपापले भाग सलग एका दमात पुन्हा गायले. म्हणजे निखळ प्रत्यक्ष सादरीकरणाचा आदर्श म्हणून ज्या अल्बमचे नाव घेतले जाते, त्यातही स्टुडिओतला एक थर आहे. याने अल्बम खोटा ठरतो असे मला मुळीच वाटत नाही. मंचावर जे गायले गेले आणि यंत्राने जे गमावले तेच परत भरण्याचा तो प्रयत्न होता. परंतु ‘लाइव्ह’ अल्बम म्हणजे जसेच्या तसे मुद्रण, ही अपेक्षा किती जपून बाळगावी लागते हे यावरून दिसते. कडकड मात्र अल्बमवर राहू देण्यात आली. उलट ब्रिटिश रेकॉर्डच्या लेबलवर हाताने लिहिलेल्या अक्षरांत सूचना छापण्यात आली, की कडकड चालेल, ती दुरुस्त करू नये.

मग दोन तासांहून मोठ्या मैफलीतून सहाच गाणी का निवडली गेली? याचे एक कारण तबकडीच्या रचनेत आहे. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचे संगीत चांगल्या पातळीवर बसते. आवाज मोठा आणि खर्जातला असेल तर तो ज्या खाचेत कोरलेला असतो तिची नागमोड रुंद होते आणि खाचांना जास्त जागा लागते. मिनिटे वाढवायची तर खाचा जवळजवळ आणाव्या लागतात आणि त्यासाठी आवाजाची पातळी व खर्ज दोन्ही कमी करावे लागतात. ‘द हू’सारख्या बँडच्या बाबतीत ही तडजोड जीवघेणी ठरली असती. माध्यमाने संगीताला कात्री लावण्याचा प्रकार आपल्याकडेही घडलेला आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत आणि अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयांना तेवढ्यात राग उभा करावा लागे.

तरीही जागेची अडचण हे संपूर्ण उत्तर नाही, कारण रेकॉर्डची पहिली बाजू पंधरा मिनिटांच्या आसपासच संपते. तीवर आणखी एक-दोन गाणी सहज बसली असती. सहा गाण्यांवर थांबणे हा निर्णय होता. पहिल्या बाजूवरच्या चार गाण्यांपैकी तीन दुसऱ्यांची आहेत: मोझ ॲलिसन यांचे ‘यंग मॅन ब्लूज’, एडी कॉक्रन यांचे ‘समरटाइम ब्लूज’ आणि जॉनी किड यांचे ‘शेकिन ऑल ओव्हर’. चौथे ‘सब्स्टिट्यूट’ हे बँडचे स्वतःचे, दोन मिनिटांचे गाणे. दुसऱ्या बाजूवर लांबवलेले ‘माय जनरेशन’ आणि त्यानंतर ‘मॅजिक बस’. ज्या ‘टॉमी’ने बँडला जगभर नेले होते ते या यादीत नाही. वर्षभरापूर्वी निघालेला दुहेरी अल्बम पुन्हा विकण्याऐवजी बँडने आपले दुसरे चित्र समोर ठेवले: कथानक नाही, भूमिका नाहीत, चार माणसे आणि रॉक अँड रोल. त्या चित्राचा परिणाम मोठा झाला. निक कोन या समीक्षकाने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याला आजवरचा सर्वोत्तम लाइव्ह रॉक अल्बम ठरवले.

आणि तरीही ‘टॉमी’ त्यातून पूर्णपणे गेलेले नव्हते. साधारण पंधरा मिनिटांच्या ‘माय जनरेशन’मध्ये मूळ गाणे काही मिनिटांतच संपते आणि पुढे बँड एका सुरावटीतून दुसऱ्या सुरावटीत शिरत जातो, त्यात ‘टॉमी’च्या शेवटचे ‘सी मी, फील मी’ मध्येच उगवते. १९७० चा अल्बम ऐकताना ही एखादी मोकळी लहर वाटते. संपूर्ण मैफल ऐकल्यावर कळते, की श्रोत्यांनी तीच सुरावट थोड्याच वेळापूर्वी एका लांब कथेच्या शेवटी ऐकलेली होती आणि बँड तिची आठवण करून देत होता. विस्तारित आवृत्तीने काय मिळते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. सुरावटीतला एकही स्वर बदललेला नाही, पण तिच्या आधी काय घडले ते कळल्यामुळे तिचा अर्थ बदलतो.

मूळ रेकॉर्डचे कव्हरही या अल्बमच्या आशयाचा भाग होते. त्या काळी चोरट्या मुद्रणांच्या रेकॉर्डींचा धंदा नुकताच सुरू झाला होता. रोलिंग स्टोन्स या बँडच्या १९६९ च्या अमेरिकी दौऱ्यातला एक कार्यक्रम कोऱ्या पांढऱ्या कव्हरवर रबरी शिक्का मारून विकला गेला होता. ‘द हू’ने आपल्या अधिकृत अल्बमला तेच रूप दिले: साधे तपकिरी कव्हर आणि त्यावर शिक्क्यासारखी अक्षरे. आत मात्र बँडच्या इतिहासातल्या कागदपत्रांच्या प्रती भरलेल्या होत्या, ज्यांत वुडस्टॉक महोत्सवाचा करारनामा, ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचे नकाराचे पत्र आणि मार्की क्लबमधल्या कार्यक्रमांचे भित्तिपत्रक होते. सीडीच्या लहान चौकोनात या कागदांचे काय होते, हे त्या हाताळलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

पहिली मोठी विस्तारित आवृत्ती १९९५ मध्ये आली. जॉन ॲस्टली यांनी आठ ट्रॅकच्या टेपवरून नवे मिश्रण केले, म्हणजे हे रीमास्टरिंग नव्हते, रीमिक्सिंग होते. एका सीडीवर ऐंशी मिनिटांपर्यंत संगीत बसते, आणि ती सीडी जवळजवळ काठोकाठ भरण्यात आली: सहाची चौदा गाणी झाली. एन्टविसल यांचे ‘हेवन अँड हेल’ हे मैफलीच्या सुरुवातीचे गाणे आता अल्बमच्याही सुरुवातीला आले. ‘टॅटू’, ‘हॅपी जॅक’, ‘आय ॲम अ बॉय’ ही छोटी, खोडकर, सुरेल गाणी आली आणि १९६६ मधली ‘अ क्विक वन, व्हाइल ही इज अवे’ ही लघु-ऑपेराही आली. ‘टॉमी’मधून ‘अमेझिंग जर्नी’ आणि ‘स्पार्क्स’ एवढा तुकडा घेतला गेला. १९७० च्या अल्बममधून उभी राहिलेली, केवळ गडगडाटी आवाजाच्या बँडची प्रतिमा येथे बदलते; तीन आवाजांच्या मेळावर आणि गंमतीदार कथागीतांवर पोसलेला एक बँड त्या गडगडाटामागे होता हे प्रथमच सर्वांना ऐकता आले.

याच आवृत्तीत डिजिटल साधनांनी कडकड काढून टाकण्यात आली. दुरुस्त करू नका असे १९७० मध्ये छापून सांगितलेली गोष्ट पंचवीस वर्षांनी दुरुस्त झाली. यावर दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे बोलता येते. कडकड हा संगीताचा भाग नव्हता, त्या सभागृहात बसलेल्या कोणीही ती ऐकली नव्हती, आणि १९७० मध्ये ती सुटी करून काढण्याचे साधनच नव्हते. त्यामुळे ती काढल्याने आपण त्या संध्याकाळच्या अधिक जवळ जातो. दुसरीकडे, जो अल्बम पंचवीस वर्षे लोकांनी ऐकला त्यात ती होती, आणि बँडने तिला जाणीवपूर्वक जागा दिली होती. मला पहिली बाजू पटते, पण एका अटीवर: जुने मिश्रणही उपलब्ध राहिले पाहिजे. नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी ठेवली जाते तेव्हा ती अभ्यासाचे साधन होते. जुनीची जागाच घेते तेव्हा ऐतिहासिक कृती बाजारातून नाहीशी होते, आणि मग नव्या पिढीला ‘१९७० चा अल्बम’ म्हणून भलतेच काही ऐकायला मिळते.

२००१ मध्ये दोन सीडींची ‘डिलक्स’ आवृत्ती निघाली आणि ‘टॉमी’चे त्या रात्रीचे सादरीकरण अखेर पूर्णपणे बाहेर आले. गाण्यांमधले टाउनशेंड यांचे बोलणेही वाढले. मात्र प्रत्यक्ष मैफलीत ‘टॉमी’ मध्यभागी, म्हणजे ‘अ क्विक वन’नंतर आणि ‘समरटाइम ब्लूज’च्या आधी झाले होते, आणि या संचात ते उचलून स्वतंत्रपणे दुसऱ्या सीडीवर ठेवले आहे. ढोबळ हिशेब केला तर त्याची अपरिहार्यता दिसते. मैफलीचा आधीचा भाग सुमारे चाळीस मिनिटांचा, ‘टॉमी’ पन्नासहून थोडे अधिक आणि शेवटचा भाग तीसहून थोडा अधिक. ‘टॉमी’ आधीच्या भागाला जोडा किंवा शेवटच्या भागाला, एका सीडीची मर्यादा दोन्ही वेळा ओलांडली जाते. म्हणजे क्रम पाळायचा तर ऑपेरा मध्येच तोडावी लागते, आणि ऑपेरा अखंड ठेवायची तर क्रम मोडावा लागतो. संच तयार करणाऱ्यांनी क्रम मोडला, आणि मला तो निर्णय समजून घेता येतो. परंतु ‘संपूर्ण मैफल’ आणि ‘मैफल जशी झाली तशी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातून ठळक होते. २०१४ मध्ये डाउनलोड स्वरूपात जी आवृत्ती आली तिला तबकडीच्या मर्यादेचे बंधन नव्हते, आणि तिच्यात गाणी मूळ क्रमाने लावली गेली.

दरम्यान २०१० मध्ये, चाळीस वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने, चार सीडी, जुन्या रेकॉर्डची प्रतिकृती, एक लहान रेकॉर्ड आणि पुस्तक असा जाडजूड संच निघाला. त्यातली महत्त्वाची भर म्हणजे दुसऱ्या दिवशीचा हलचा कार्यक्रम. तो चाळीस वर्षे पडून राहिला, कारण सुरुवातीच्या गाण्यांत एन्टविसल यांचा बेस टेपवर उतरलाच नव्हता; ज्या बँडमध्ये बेस हे जवळजवळ दुसरे मुख्य गिटार होते, तेथे त्याशिवाय गाणे अर्धेच उरते. २०१० मध्ये यावर काढलेला तोडगा धाडसी होता. पहिल्या चार गाण्यांसाठी आदल्या रात्रीचा, लीड्सचा बेस उचलून डिजिटल साधनांनी हलच्या ड्रम्सशी आणि गिटारशी जुळवण्यात आला. एन्टविसल २००२ मध्येच वारले होते, त्यामुळे त्यांच्याकडून तो भाग पुन्हा वाजवून घेणे शक्य नव्हते, आणि दुसऱ्याकडून वाजवून घेण्यापेक्षा हे निश्चितच चांगले. तरीही त्या चार गाण्यांत आपण जे ऐकतो ते कोणत्याही एका रात्री, कोणत्याही एका सभागृहात घडलेले नाही. कीथ मून त्या रात्री ज्या बेसशी झटापट करत होते, तो बेस तेथे नाही. पाचव्या गाण्यापासून खरा संवाद सुरू होतो, आणि लक्षपूर्वक ऐकणाऱ्याने हलची तुलना लीड्सशी करायची ती तेथून पुढे करावी.

एका रात्रीची नोंद हे ‘लाइव्ह ॲट लीड्स’चे वैशिष्ट्य आहे, आणि सगळ्या प्रसिद्ध लाइव्ह अल्बमांना ते लागू होत नाही. डीप पर्पल या रॉक बँडचा ‘मेड इन जपान’ ऑगस्ट १९७२ मधल्या ओसाकाच्या दोन आणि टोकियोच्या एका कार्यक्रमातून निवडून तयार केलेला होता. तेथे विस्तार करणे म्हणजे निवडीतून वगळलेली दुसरी सादरीकरणे पुढे आणणे, आणि त्यांतून एकच गाणे तीन रात्रींत कसे बदलत गेले ते ऐकायला मिळते. लीड्सच्या बाबतीत विस्तार करणे म्हणजे एकाच रात्रीतली गाळलेली मिनिटे परत भरणे.

अशा आवृत्त्या वारंवार का निघतात याला व्यवहाराचीही बाजू आहे. नवे मुद्रण करण्याचा खर्च नाही, बँडचे नाव प्रस्थापित आहे, आणि जुने चाहते तीच सहा गाणी पुन्हा विकत घ्यायला तयार असतात. २०१० च्या संचावर ही टीका करणे अन्यायाचे ठरणार नाही. याशिवाय कायद्याचाही वाटा आहे. युरोपीय संघाने २०११ मध्ये प्रकाशित ध्वनिमुद्रणांचे संरक्षण पन्नास वर्षांवरून सत्तर वर्षांवर नेले, परंतु पन्नास वर्षांच्या आत प्रकाशितच न केलेल्या मुद्रणांना ही वाढ मिळत नाही. म्हणून २०१२ मध्ये बॉब डिलन यांची जुनी अप्रकाशित मुद्रणे अगदी मोजक्या प्रतींत काढली गेली आणि २०१३ च्या अखेरीस बीटल्सची १९६३ मधली मुद्रणे केवळ डाउनलोडसाठी ठेवली गेली. ‘लीड्स’च्या १९९५ आणि २००१ च्या आवृत्त्या या कायद्याच्या आधीच्या आहेत, त्यामुळे त्यांच्यामागे ही घाई नव्हती, पण साठ-सत्तरच्या दशकांतल्या मैफलींचे जे मोठमोठे संच अलीकडे दिसतात, त्यांतल्या काहींचे वेळापत्रक संगीतापेक्षा या मुदतीने अधिक ठरवलेले आहे.

पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने यातून काय निवडावे याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सुरुवात १९७० च्या सहा गाण्यांपासून आणि शक्य असल्यास मूळ मिश्रणापासून करावी, कारण त्यात एका बाजूला गिटार, दुसऱ्या बाजूला बेस आणि मध्ये ड्रम्स अशी जी मोकळी मांडणी आहे, तीतून चौघांपैकी प्रत्येक जण काय करतो हे नवख्यालाही वेगवेगळे ऐकू येते. त्यानंतर थेट मूळ क्रमातली संपूर्ण मैफल ऐकावी, मध्ये न थांबता. १९९५ ची सीडी ही रोजच्या ऐकण्यासाठी माझ्या मते सर्वांत सोयीची, कारण तीत बँडची सगळी अंगे आहेत आणि ती एका बैठकीत संपते. हलचा कार्यक्रम सर्वांत शेवटी, लीड्स पाठ झाल्यावर घ्यावा. तीच गाणी चोवीस तासांनंतर किती वेगळी वाजली हे तेव्हाच उमजते.